तीन भोकं की एक चीर

मोठी संकटं निदान वाजतगाजत येतात. माझं संकट शिंकेतून आलं.

जानेवारीतला रविवार होता. गुड फ्रायडेला आमच्या गल्लीत मिरवणुकीच्या वाटेवर रंगीत भुशाचे गालिचे काढतात. त्या भुशाचं पोतं मी अंगणातून पडवीत नेत होतो. मला शिंक आली, पोतं खाली आलं आणि उजव्या जांघेत लिंबाएवढं काहीतरी वर आलं. मी ते बोटाने दाबलं, तर ते निमूट आत गेलं. मी पोतं उचललं, तर ते निमूट बाहेर आलं. मी एकतीस वर्षं आंतिग्वा नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू खात्यात नोकरी केली आहे. नोंद न करता आतबाहेर करणाऱ्यांबद्दल मला मुळातच राग आहे.

"हर्निया आहे," माझी बायको ओदिलिया दारातूनच म्हणाली. "बाबांना झाला होता."

"एवढ्या लांबून तुला काय दिसलं?"

"त्यांचंही तोंड असंच झालं होतं."

आता हर्नियापेक्षा गंभीर गोष्ट सांगतो. गुड फ्रायडेला आमच्या चर्चमधून क्रूस वाहणाऱ्या येशूची मूर्ती निघते. ती ज्या लाकडी चौथऱ्यावर असते तो एखाद्या खोलीएवढा आहे आणि एका वेळी ऐंशी माणसं तो खांद्यावर घेतात. दर चौकात ऐंशी बदलतात. अकरावी पाळी माझ्या घरासमोरून जाते. त्या पाळीत तेहतीस वर्षं माझा खांदा आहे आणि माझ्याआधी माझ्या वडिलांचा होता. नियम असा की उपवासकाळातल्या दुसऱ्या रविवारी स्वतः चर्चच्या अंगणात जायचं, तोनो सुताराच्या मोजपट्टीखाली उभं राहायचं आणि खांद्याच्या उंचीप्रमाणे आपली जागा लिहिलेलं कार्ड घ्यायचं. जो जाणार नाही त्याची जागा यादीतल्या पुढच्या माणसाला मिळते.

यादीत पहिला होता ओब्दुलिओ, म्हणजे ओदिलियाचा भाऊ. ओब्दुलिओ वाईट माणूस नाही. त्याच्याकडे बाजाराच्या मागची एक पाळी आहे, पण तिथे बघायला माणसं कमी आणि कुत्री जास्त, म्हणून अकरा वर्षं तो माझ्या पाळीच्या यादीत नाव लावून बसला आहे. दर नाताळात मला मिठी मारताना तो माझ्या खांद्यावर हात ठेवतो आणि त्या हातात मला मोजमाप जाणवतं. या वर्षी मी चुकलो असतो, तर वडिलांचा खांदा ओब्दुलिओच्या घरी गेला असता. माझी झोप उडाली ती त्या लिंबामुळे नव्हे, यामुळे.

पेन्शनरांच्या इस्पितळात हर्नियाचे दोन डॉक्टर आहेत. एका खोलीत म्हातारे डॉक्टर बारियास आणि शेजारच्या खोलीत तरुण डॉक्टरीणबाई आरियोला. मध्ये एक पातळ भिंत. कधीकाळी बाई बारियासांच्या हाताखाली शिकल्या होत्या. तेव्हापासून दोघं एकमेकांशी पेशंटमार्फतच बोलतात.

बारियासांनी मला पँट खाली करायला लावली. खोकायला सांगितलं. मी खोकलो, लिंबू हजर झालं.

"चीर देऊन करू," ते म्हणाले. "जांघेत चार बोटांची एक चीर. पोटाच्या भिंतीला भोक पडलंय, त्यावर बाहेरून जाळी शिवायची. तेवढ्याच भागाला भूल. तुम्ही जागे राहाल, गप्पा मारू. चाळीस वर्षं हेच करतोय."

"आणि नाही केलं तर?"

"तर एखाद्या दिवशी आतडं बाहेर अडकेल आणि मग मला तुम्हाला विचारावं लागणार नाही. शेजारी आमच्या बाई आहेत. त्यांना दुर्बिणीची हौस. त्यांचंही ऐकून घ्या, म्हणजे म्हणायला नको."

मी शेजारी गेलो. पुन्हा पँट, पुन्हा खोकला.

"सरांनी चीर सांगितली असेल," बाई म्हणाल्या. "काका, मी तीन लहान भोकं पाडते. एक बेंबीपाशी, दोन खाली. पोटात हवा भरायची, एका भोकातून कॅमेरा घालायचा आणि जाळी आतल्या बाजूने लावायची. दुखतं कमी, माणूस लवकर हिंडाफिरायला लागतो. पूर्ण भूल लागते एवढंच."

"वजन कधी उचलता येईल?"

"हलकंसलकं दोन आठवड्यांत. जड तीनचार आठवड्यांनी, जपून. सरांना विचारा, त्यांचे पेशंट किती दिवस बसून असतात."

मी पुन्हा बारियासांकडे गेलो. जड वजनाला सहा आठवडे, असं ते म्हणाले, आणि बाईंना विचारायला सांगितलं की दुर्बिणीचा टाका आतून सुटला तर बघायला कोण आत जाणार. बाई म्हणाल्या, सरांना सांगा की त्यासाठीच कॅमेरा असतो. मी सहा फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीनंतर मी पट्टा बांधायचं सोडून दिलं. बाहेर बाकावर बसलेल्या एका बाईने मला पँट धरून जाताना इतक्यांदा पाहिलं की शेवटी तिने जपमाळ काढली.

गल्लीत ही बातमी माझ्या आधी पोचली, कारण मी वाटेत चायोबाईंच्या औषधाच्या दुकानात थांबलो. चायोबाई कुजबुजतात तेव्हाही पलीकडच्या न्हाव्याकडे ऐकू जातं.

"जांघेतला का, एवेलिओभाऊ?" त्या म्हणाल्या. दुकानात सात गिऱ्हाइकं होती. "दुर्बिणीनेच करा. माझा भाचा तिसऱ्या आठवड्यात फुटबॉल खेळला."

"त्याचं वय काय?"

"एकोणीस. पण तुम्ही कुठे फुटबॉल खेळणार आहात?"

समोरच्या मिंचोकाकांचं मत उलट होतं. मिंचोकाका शिंपी आहेत आणि दहा वर्षांपूर्वी त्यांनी बारियासांकडून चीर देऊन घेतली होती. पडदा ओढून त्यांनी मला व्रण दाखवला. तो दाखवताना त्यांच्या तोंडावर अभिमान होता, पण तो स्वतःचा नव्हता, कारागिराबद्दलचा होता.

"बघ शिवण," ते म्हणाले. "सरळ. कुठे चुणी नाही. अरे, ठिगळ आतून लावलेलं चांगलं हे मलाही कळतं. पँटला मी आतूनच लावतो. पण पँट उलटी करता येते. माणूस उलटा करता येतो का?"

"म्हणून तर दुर्बीण."

"भोकातून बघून शिवायचं? मी कुलपाच्या भोकातून सदरा शिवून दिला तर तू घालशील?"

आठवड्याभरात गल्लीत दोन पक्ष पडले. दुर्बीणवाले आमच्याकडे कोंबडीचं सूप घेऊन येत आणि चीरवाले तोरेहास, म्हणजे पाकात मुरवलेले तळलेले पाव. ओदिलियाचं स्वतःचं मत काहीच नव्हतं, पण तोरेहासचा डबा परत करताना ती जास्त हसत असे. पाद्रीबाबांना विचारलं तर ते म्हणाले, "देवाला दोन्ही सारखंच." त्यामुळे दोन्ही पक्षांना वाटलं की चर्च आपल्या बाजूने आहे.

मी साधा हिशेब केला. दुर्बिणीने तीनचार आठवडे, चिरेने सहा. मी दुर्बिणीला हो म्हटलं.

मग खिडकी आली. इस्पितळाच्या खिडकीतल्या माणसाने माझे कागद उलटेपालटे केले आणि म्हणाला, "जिवंत असल्याचा दाखला नाही."

"मी समोर उभा आहे."

"उभे आहात ते दिसतंय. दाखला दिसत नाहीये."

हा दाखला मिळतो माझ्याच जुन्या खात्यात. तिथे माझ्याच खुर्चीवर नोएमी बसली होती. तिला शिक्का कसा मारायचा हे मी शिकवलं होतं. तिने मला खुर्ची दिली, ओदिलियाची चौकशी केली आणि म्हणाली, "साहेब, दोन साक्षीदार लागतील."

"नोएमी, तू मला सोळा वर्षं ओळखतेस."

"हो साहेब. पण अधिकाऱ्याची ओळख ग्राह्य धरायची नाही, असा नियम आहे." ती जरा लाजली. "तुम्हीच काढला होतात."

काढला होता, खरंच. तेव्हा तो मला फार सुंदर वाटला होता. मी मिंचोकाका आणि चायोबाईंना घेऊन गेलो. दोघांनी मी जिवंत आहे यावर सह्या केल्या. माझ्या ऑपरेशनचा विषय निघाल्यापासून दोघांचं एकमत झालेली ही एकच बाब. तरी मिंचोकाकांनी विचारलंच, "सध्या जिवंत, असं लिहायचं का? भोकं पाडून घ्यायला चाललाय म्हणून म्हणतो."

या सगळ्यात तीन आठवडे गेले. तारीख मिळाली ती राखेच्या बुधवारनंतरच्या, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्याच शुक्रवारची. रात्रीपासून तोंडात काही घालायचं नाही, असं बाईंनी तीनदा बजावलं होतं. मी रात्री पाणीसुद्धा मोजून प्यायलो. पण पहाटे साडेपाचला चायोबाई दारात आल्या. हातात झाकलेला वाडगा, त्यात मक्याचं गरम अतोल.

"काही खायचं नाहीये," मी म्हणालो.

"खायला कोण सांगतंय? अतोल आहे. हे पितात. बाळंतिणीला देतात, तापात देतात. रिकाम्या पोटी भूल चढली तर उतरायची नाही."

आमच्याकडे अतोल हा पदार्थ अन्नात धरत नाहीत. मरणाऱ्याच्या ओठाला लावतात ते अतोल, जन्मलेल्याच्या आईला देतात ते अतोल. मी दोन्हीकडच्या नोंदी केलेल्या आहेत. ओदिलियाने माझ्याकडे पाहिलं, मी वाडग्याकडे पाहिलं. दालचिनीचा वास येत होता. मी वाडगा संपवला आणि चाटून पुसून परत दिला.

आठ वाजता भूल देणारा डॉक्टर माझ्या खाटेपाशी आला. "सकाळपासून काही खाल्लंत?"

"काही नाही," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

तो कागदावर लिहिता लिहिता थांबला. वाकून त्याने माझ्या मिशीकडे पाहिलं. मिशीला अतोल लागलं होतं.

आरियोलाबाई आल्या. त्या मला रागावल्या नाहीत, ते फार वाईट होतं. भरल्या पोटी पूर्ण भूल दिली तर पोटातलं फुप्फुसात जातं, माणूस दगावतो, एवढं त्या शांतपणे म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, "दुर्बिणीची पुढची तारीख ईस्टरनंतर."

मी खाटेवर उठून बसलो. तीनचार आठवडे गेले, सहा गेले, तेहतीस वर्षं गेली. मला दिसत होतं ते फक्त माझ्या घरासमोरून जांभळ्या झग्यात, मान उंच करून चाललेलं ओब्दुलिओचं ध्यान. डोळ्यांत पाणी आलं. ते मी अतोलबरोबर पुसलं.

तेवढ्यात दारात बारियास दिसले. ते बहुधा भिंतीला कान लावूनच उभे असावेत.

"बाईंना सांगा," ते मला म्हणाले. बाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. "सांगा की तेवढ्याच भागाला भूल देऊन चीर दुपारी तीनला होऊ शकते. अतोल उतरेपर्यंत थांबू."

बाई माझ्याकडे वळल्या. "सरांना सांगा," त्या म्हणाल्या, "की मी मदतीला उभी राहीन."

अशा रीतीने माझी चीर झाली. मी जागा होतो. समोर हिरवा पडदा, पलीकडे दोघं. कित्येक वर्षांनी त्यांना थेट बोलावं लागत होतं, कारण मधला माणूस आडवा होता. बाई म्हणाल्या, "सर, शिवण छान आहे." बारियास म्हणाले, "तुझी आतली जाळी मला एकदा बघायचीय." मला उगाच आपण मध्यस्थ म्हणून बरे होतो असं वाटलं.

"सहा आठवडे जड काही नाही," बारियास मला म्हणाले.

मी मनात बोटं मोजली. शुक्रवार ते शुक्रवार. गुड फ्रायडेला बरोबर सहा आठवडे होत होते. मी त्यांना अकराव्या पाळीचं सांगितलं.

पडद्यापलीकडे हात थांबले. "सहा आठवड्यांनी भाजीची पिशवी उचलायची, एवेलिओ. चर्च नव्हे."

नवव्या दिवशी मोजमापाचा रविवार होता. मी चालत होतो, पण उजवीकडे कलून, कंबरेत वाकून. असा गेलो असतो तर अंगणातल्या प्रत्येकाला कळलं असतं. मी मिंचोकाकांना बुटात घालायला जाड तळवे मागितले. चीर करून घेतल्याबद्दल ते माझ्यावर इतके खूश होते की त्यांनी सदऱ्याच्या खांद्यालाही आतून अस्तर लावून दिलं. ओदिलिया म्हणाली, "या वर्षी जाऊ द्या ना." मी तळवे बुटात बसवत राहिलो. ती आदल्या संध्याकाळी तोरेहासचं ताट घेऊन कुठेशी गेली आणि रिकामं ताट घेऊन आली. मला वाटलं, नवस.

अंगणात रांग होती. माझ्या मागे चार माणसं सोडून ओब्दुलिओ. त्याने हात केला, मी छाती काढून हात केला. टाके बोंबलले. मोजपट्टी धरून तोनो उभा होता. हा तोनो सुतार आहे, सत्तरीचा, आणि चाळीस वर्षं हेच काम करतो. चौथऱ्याच्या दांड्याला प्रत्येक माणसासाठी एक खाच असते आणि खाचेला गादी. ठेंगण्याच्या खाचेला जाड गादी, उंचाच्या खाचेला पातळ, म्हणजे वजन सगळ्यांवर सारखं येतं. माझं माप तेहतीस वर्षं एकशे छत्तीस सेंटिमीटर.

तोनोने पट्टी लावली. माझ्याकडे पाहिलं. माझ्या बुटांकडे पाहिलं. मी श्वास धरून उभा. त्याने कार्डावर लिहिलं, एकशे एकेचाळीस.

"वाढलात, साहेब," तो म्हणाला.

"पेन्शन मानवली," मी म्हणालो, आणि सरळ चालत फाटकाबाहेर गेलो. कोपरा वळल्यावर भिंतीला टेकून मी पाच मिनिटं उभा होतो. मिंचोकाकांच्या तळव्यांनी आणि अस्तराने पाच सेंटिमीटर कसे झाले हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाही नाही. विजयाच्या वेळी माणूस बेरीज करत नाही.

गुड फ्रायडेला सकाळी जांभळा झगा चढवला. तळवे काढून टाकले, त्यांनी बोटं सोलली होती. चौकात दहावी पाळी थांबली आणि अकरावीचे ऐंशी आपापल्या खाचेपाशी उभे राहिले. माझी खाच एकविसावी. आजूबाजूला बघतो तर माझ्यापुढच्याच खाचेपाशी, माझ्यापेक्षा अर्ध्या वितीने ठेंगणा, ओब्दुलिओ.

"तू इथे कसा?"

"लेंचोकाका मुलीकडे राहायला गेले. त्यांची जागा मिळाली," तो समोर बघत म्हणाला. त्याच्या तोंडावर अकरा वर्षं वाट पाहिलेल्या माणसाचा आनंद असायला हवा होता. तो नव्हता.

घंटा झाली. बँडने शोकाची चाल धरली. ऐंशी खांदे वर गेले. मी दात आवळले, डोळे मिटले, बारियासांची मनात माफी मागितली आणि वजनाची वाट पाहू लागलो.

वजन आलं नाही. डोळे उघडले तर दांडा माझ्या खांद्यावरून चार बोटं अंतर ठेवून चालला होता. मी टाचा उंच केल्या, तरी पोचलो नाही. पुढे ओब्दुलिओच्या खांद्यावर तर नारळ मावला असता. त्याने दांड्याला हात लावला होता, बसमध्ये उभी माणसं लावतात तसा.

डोलत डोलत आम्ही चाललो होतो. ओब्दुलिओने ओठ न हलवता विचारलं, "भावोजी, चीर का?"

माझा पाय भुशाच्या गालिच्यावर अडखळला. "तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्या चालण्यावरून. मी तीन भोकं. नोव्हेंबरात."

"नोव्हेंबरात तू समुद्रावर गेला होतास."

"तेच सांगितलं सगळ्यांना. तुम्हाला कळलं असतं तर माझं नाव यादीतून काढायला लावलं असतंत."

हे खरं होतं, म्हणून मला राग आला नाही. "दुखलं का?"

"खांदा दुखला. पोटात हवा भरतात ना, ती वर चढते. दोन दिवसांत गेलं. तुमचं?"

"बसताना ओढतं. अजून."

"चीर," माझ्या मागून कुणीतरी पुटपुटलं. तो बेकरीवाला होता. "पण दोन्ही बाजूंची. मला दुर्बीणच करायला हवी होती." दांड्याच्या पलीकडच्या बाजूने निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "तीन भोकं, एक वर्ष झालं, शपथेवर सांगतो, काही कळत नाही." एकोणीस ते चोवीस, सहा खाचा. सगळ्यांना पातळ गाद्या आणि सगळे ठेंगणे. पुढचे आणि मागचे तरुण घामाघूम होऊन आमच्या वाट्याचं उचलत होते आणि आम्ही सहा जण खाली हर्नियावर बोलत होतो. मला एकदम हसू आलं. मिरवणुकीत हसणं बरं दिसत नाही म्हणून मान खाली घातली, तर बघणाऱ्यांना वाटलं असावं, काय भक्ती आहे.

माझं घर आलं. सज्जात ओदिलिया उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, ती माझ्या खांद्यावरचं चार बोटांचं अंतर बघत होती. ते दिसल्यावर तिने छातीवर क्रूसाची खूण केली आणि शालीच्या टोकाने डोळे पुसले. तेव्हा मला तोरेहासचं ताट आठवलं.

पुढच्या चौकात पाळी संपली. मी सरळ तोनोपाशी गेलो. तो पट्टी घेऊन कोपऱ्यावर बसला होता.

"तोनो, मला फसवलंस. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा मी काहीच उचललं नाही."

"साहेब, मी फक्त खांदा मोजतो," तो म्हणाला. "बाकीचं माप तुमच्या बायका आदल्या दिवशी आणून देतात. या वर्षी सहा ताटं आली. डॉक्टरांनी मला गोड बंद केलंय."

अपमान झाला होता आणि तो अगदी मायेने झाला होता, अशा वेळी माणसाने कुठे बघावं? मी जमिनीकडे बघितलं. तेवढ्यात तोनो गुडघ्यावर हात देऊन उठला, त्याने पट्टी माझ्या पाठीमागे उभी केली आणि भर रस्त्यात, झगा, बँड, गर्दी कशाची पर्वा न करता माझा खांदा मोजला.

"एकशे छत्तीस," त्याने वहीत लिहिलं आणि वही मिटली. "पुढच्या वर्षी जाड गादी, साहेब. तयारीत या."